कोऱ्या वड्यांची वाकळ

खोक्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, त्यामुळं ऋतिकला वाटलं की बायकोनं दुधाची पावडर मागवली. घरात दोन म्हशी, दारात दुधाचा टेम्पो, आणि पाळणा अजून रिकामा. अशा परिस्थितीत पावडर मागवणं हा त्याला तिहेरी अपमान वाटला.

"पावडर न्हाय ती," वैष्णवी म्हणाली. "गोधडी हाय. अजून व्हायचीय."

तिनं चिकटपट्टी फाडली. आत कापडाचे बेचाळीस तुकडे होते. सगळे चौकोनी, पाच इंच बाय पाच इंच, कडा मशीननं नागमोडी कातरलेल्या. फुलाफुलांचे, ठिपक्यांचे, काही गडद लाल. खाली पांढरं अस्तर, कापसाची पातळ लाद आणि इंग्रजीत छापलेलं एक कार्ड. शेजारची कुशाबाई चहापत्ती मागायला आली होती. तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "अगं बया, बर्फीच्या वड्याच की!" तेव्हापासून कोकरे वस्तीवर त्यांचं नाव वड्या पडलं.

खोकं वस्तीवर यायचंच नव्हतं. आदल्या दिवशी काटेवाडीत बचत गटांची बैठक झाली. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या दुकानाला लहान बाळाच्या गोधड्या हव्या होत्या. तुकडे कंपनीतून आयते कापून येणार, बायकांनी नुसते जोडायचे. नमुन्याची तीन खोकी आली होती. एक काटेवाडीच्या गटानं घेतलं, एक पणदऱ्याच्या. तिसरं उरलं, आणि वैष्णवी उभी राहिली.

गटांच्या अध्यक्ष स्वरूपाताई. बारा एकर ऊस, स्कूटी, आणि समोरच्याच्या डोक्यावरून बोलायची सवय. त्या हसून म्हणाल्या, "वैष्णवी, ही लोकरीची घोंगडी न्हाय गं. नाजूक काम हाय. वस्तीवर कुणाला जमंल?"

"आमच्या आत्यांना जमंल."

"गोजराकाकूंना? त्यांना चष्मा तरी हाय का?"

"न्हाय."

"मग?"

"लागत न्हाय म्हणून न्हाय."

बायका हसल्या. वैष्णवीनं सही केली आणि खोकं पदराखाली घेऊन बाहेर आली.

दहा दिवसांत नमुना द्यायचा. ज्यांचा पास होईल त्यांना वर्षभराचं काम. वस्तीवरच्या अकरा बायका एप्रिलच्या उन्हात दुसऱ्यांच्या भुईमुगात खुरपायला जात. दुपारी पाय मातीवर ठेवला की तव्यावर ठेवल्यासारखा उचलावा लागे. हे काम लिंबाखाली बसून करायचं होतं. नमुना नापास झाला तर वैष्णवीला खोकं परत न्यायचं होतं, त्याच बैठकीत, त्याच बायकांसमोर. अकरा जणींना तिनं आधीच सांगून टाकलं होतं की खुरपी माळ्यावर टाका. दोघींनी टाकलीही होती.

वैष्णवीची सासू गोजरबाई गोठ्यातून आली, हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्यावर बसली. अडुसष्ट वर्षांची बाई. जुन्या दिवसांत मेंढरांमागं कोकणापर्यंत चालून गेलेली, घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात सुईदोरा ठेवणारी. तिच्या हातच्या वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, अजून वस्तीवर घरोघरी होत्या. त्यातली माणसं गेली तरी वाकळा जात नव्हत्या. अंधारात नुसता हात फिरवून ती सांगे, हे सासऱ्याचं धोतर, हे नणंदेचं लुगडं, ही आपल्या ऋतिकची चौथीतली चड्डी. ऋतिकच्या लग्नात पाहुण्यांसमोर तिनं ही चड्डी दोनदा दाखवली होती.

तिनं एक वडी घेतली. बोटांनी चोळली, हुंगली.

"कुणाची ही?"

"कंपनीची."

"कंपनीत कुणाची?"

"कुणाचीच न्हाय, आत्या. नवीन हाय. कापडाच्या गठ्ठ्यातनं कापलेली."

"म्हंजी कोरी?"

"कोरी."

दुसऱ्याचं लेकरू चुकून उचलावं तशी गोजरबाईनं वडी खोक्यात परत ठेवली.

"न्हाय जमणार."

"का वो?"

"लेकराची हाय न्हवं? लेकराच्या अंगाला कोरं लावत्यात व्हय? पाचवीला काय घालत्यात? जुनेर घालत्यात. आज्जीचं लुगडं, आज्ज्याचं धोतर. माणसाच्या अंगाला घासून घासून कापडाचा ताठा गेला, की मग ते लेकराला. ह्ये बघ की, पापड हाय नुसता."

"पण दुसरं कापड लावायचं न्हाय, आत्या. ह्याच बेचाळीस वड्या लावायच्या. नियम हाय."

"मग हीच जुनी करायची."

"दहा दिसांत?"

"आठ. दोन दिस शिवायला पायजेत."

"आवो, पाच इंचाची वडी हाय. ती घालायची कशी माणसानं?"

गोजरबाईनं सुनेकडं जरा काळजीनं पाहिलं. बारावी शिकलेल्या मुलीला हे सुचू नये याचं तिला वाईट वाटलं असावं.

"सेफ्टीपिना हायत न्हवं घरात?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकरे वस्ती गोजरबाईच्या ओट्यासमोर रांगेत उभी होती. ती प्रत्येकाला पाठमोरं करी, वडी हातात तोलून धरी, माणसाकडं बघे आणि मग टोचे. ठिपक्यांची कुशाबाईला, कारण ती गोल गोल बोलते. गडद लाल रंगूबाईला, कारण तिच्या तोंडी कुणी लागत नाही. काही वड्या पाठीवर, काही छातीवर, काही खांद्यावर. वडी बाहेरून दिसली पाहिजे, कामात अंगावर पाहिजे आणि अदलाबदल केलेली तिला वासावरून कळेल, एवढंच तिनं बजावलं. हे शेवटचं कुणी तपासून बघायला धजलं नाही.

वस्तीवर चालती माणसं एक्केचाळीस निघाली. एक वडी उरली.

"म्हशीला लावू," गोजरबाईचा नवरा बिरदेव म्हणाला. त्याच्या पाठीवर गुलाबी गुलाबांची वडी होती.

"म्हैस घामती का? ती डुंबती."

"ट्रॅक्टरला?"

"तेलकट हुईल."

बिरदेवनं अजून दोन नावं सुचवली, पण ती दोन्ही माणसं त्याच्या वाईटावरची होती, म्हणून गोजरबाईनं ती धरली नाहीत. बेचाळिसावी वडी तिच्या कमरेच्या पिशवीत राहिली.

मग कामं सुरू झाली, म्हणजे रोजचीच. एक्केचाळीस अंशांच्या उन्हात बायका भुईमुगाच्या पाती, म्हणजे खुरपायच्या ओळी, धरून बसल्या. खुरप्याच्या तालावर पाठी हलत आणि पाठीवरच्या वड्या हलत. गडी कडब्याच्या पेंढ्या वाहत, तेव्हा वड्यांवर बारीक टोचरं कूस बसे. पहिल्या दिवशी कापड ताठ होतं, पिनेच्या चारी बाजूंनी पुठ्ठ्यासारखं वर येई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पाठीला टेकलं. तिसऱ्या दिवशी रंगूबाईला वडी अंगावर आहे हे आठवेनासं झालं. ते ऐकून गोजरबाईनं मान हलवली. "लागली कामाला," ती म्हणाली.

बिरदेव सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला तर रांगेतली माणसं त्याच्या मागं येऊन बघू लागली.

"बिरुदा, नव्या सदऱ्याला ठिगाळ? आन् तेबी गुलाबाचं?"

"ठिगाळ न्हाय ते."

"मग?"

"कापड कामाला ठेवलंय. आठ दिसांच्या बोलीवर."

"तुझ्याकडं?"

"माझ्याकडं काम हलकं हाय म्हणून आधी ते खूश हुतं," बिरदेव म्हणाला. "आता पस्तावतंय." आणि किटली घेऊन तो पुढं सरकला. घरी येईपर्यंत मात्र त्याचे कान लाल होते. सत्तर वर्षांच्या माणसाला गुलाब शोभत नाहीत, एवढंच तो बायकोला म्हणाला. गोजरबाई म्हणाली, "लगीन झालं तवा फेट्याला हुता की." वडी त्यानं काढली नाही.

ऋतिकची पंचाईत वेगळी होती. तो टेम्पो घेऊन रोज बारामतीत जाई, आणि त्याच्या वाट्याला बदकांची वडी आली होती. पिवळी बदकं, सात. तिसऱ्या दिवशी गोजरबाईनं त्याला दारातच धरलं.

"वडी कुठाय?"

"हाय की."

"दाखव."

त्यानं शर्टाची दोन बटणं उघडली. बदकं आतल्या बाजूला होती.

"आतनं लावलीस? मग ऊन कसं लागंल तिला?"

"आई, बारामतीत माणसं बघत्यात. जळोचीच्या चौकात पोरानी बदकांचा आवाज काढला."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? हॉर्न वाजवला."

"बरं केलंस," गोजरबाई म्हणाली आणि बदकं बाहेर लावली.

चौथ्या दिवशी मल्हार आला. मल्हार हा पंचक्रोशीतला तरुण पुढारी. त्याच्याकडं पद नव्हतं, पण फलक बरेच होते. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन लांबलं होतं, शेतांकडं येणाऱ्या चाऱ्या कोरड्या पडल्या होत्या, आणि अख्खी वस्ती अंगावर कापड लावून फिरते ही बातमी त्याला डेअरीवर लागली होती.

"गोजरामावशी, मला न सांगता आंदोलन?" तो दुखावून म्हणाला. "माझा जाहीर पाठिंबा हाय."

"कशाला?"

"कशालाबी."

गोजरबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. घरून इथपर्यंत मोटारसायकलवर आला होता तरी त्याची पाठ ओलीचिंब होती. घामाच्या बाबतीत गडी अस्सल होता. तिनं कमरेची पिशवी सोडली.

"वळ तिकडं," ती म्हणाली.

वडी टोचताच मल्हार आंदोलनात सामील झाला. संध्याकाळी त्याचा पाठमोरा फोटो मोबाईलवर फिरला. सहाव्या दिवशी शेजारच्या दोन गावांतली माणसं घरचं कापड कापून, पाठीला लावून, कोरड्या चारीत बसली. त्यांचे तुकडे चौकोनी नव्हते, याचा वैष्णवीला उगाच राग आला.

सातव्या दिवशी वस्तीवर जीप आली. पाटबंधारे खात्याचे एक साहेब उतरले, हातात वही. वैष्णवीनं आपली वडी पदरानं झाकली. वड्या पुरावा म्हणून जमा केल्या तर? दहातले सात दिवस गेले होते.

"मागणी काय आहे तुमची?" साहेबांनी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कुशाबाई पुढं झाली. "मागणी कसली, सायेब. आज आन् उद्या, अजून दोन दिस ऱ्हायल्यात, तेवढं जाऊ द्या."

"दोन दिवसांनी काय?"

"दोन दिसांनी समदं काढून एका जागी करणार. मग बारामतीला नेणार."

साहेबांनी वहीत लिहिलं की आंदोलकांनी दोन दिवसांची मुदत दिली असून त्यानंतर बारामतीकडं कूच करण्याचा इरादा आहे. ते गेले. आणि आठव्या दिवशी सकाळी चारीला पाणी आलं.

गोजरबाईला त्यात काही नवल वाटलं नाही. धुवायचा दिवस होता, पाणी लागणारच होतं.

मल्हार फटाके घेऊन आला. ते उडत असताना चारीच्या काठावर एक्केचाळीस माणसांनी आपापल्या वड्या काढून दिल्या, बेचाळिसावी मल्हारनं कुरकुरत दिली. काहींवर उसाच्या चिकाचे डाग होते, काहींवर हळदीचे, एकीवर शेळीनं चावल्याची खूण. सगळ्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. गोजरबाईनं त्या साबणाच्या पाण्यात भिजवल्या, हातावर चोळल्या, वाहत्या पाण्यात तीनदा खळबळल्या आणि कडब्याच्या गंजीवर वाळत घातल्या.

दुपारी वैष्णवी पट्टी घेऊन बसली. एक वडी मोजली. दुसरी मोजली. दहावी मोजली आणि पट्टी खाली ठेवली.

"आत्या, आटल्या."

"आटणारच."

"पाच इंचाची एकबी न्हाय. कुठली पावणेपाच, कुठली साडेचार. ही एका अंगानं पाच, दुसऱ्या अंगानं साडेचार. कडा उसवल्या. आन् लाल रंग..." लाल रंग रंगूबाईच्या स्वभावासारखा शेजारच्या आठ वड्यांना लागला होता. वैष्णवीनं इंग्रजी कार्ड घेतलं. इतके दिवस तिनं आकृतीचीच बाजू पाहिली होती. आता मागची बाजू वाचली आणि कार्ड सासूपुढं धरलं. "हितं लिवलंय. शिवायच्या आधी तुकडे धुवू नयेत."

"कुणी लिवलं?"

"कंपनीनं."

"कंपनीला लेकरं किती?"

"आत्या, चेष्टा करू नका. तिथं पट्टी लावून बघणार हायत. पट्टीला बसल्या न्हाईत तर काय करू मी?"

"पट्टी धुवून काढ," गोजरबाई म्हणाली. "मग बसंल."

वैष्णवी उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या आडोशाला रडली. म्हैस रवंथ करत राहिली. थोड्या वेळानं बाहेर येऊन ती बघते तर सासूनं ओटा झाडून त्यावर धुतलेलं अस्तर पसरलं होतं, वर कापसाची लाद घातली होती, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, खलबत्ता आणि बिरदेवचा पितळी तांब्या ठेवला होता.

कार्डावर लिहिलं होतं की आधी तुकड्याला तुकडा जोडावा, ओळीला ओळ जोडावी, मग खाली अस्तर लावावं. गोजरबाईनं जन्मात असलं काही केलं नव्हतं. तिनं कोपऱ्यावर पहिली वडी ठेवली, उसवलेली कड अंगठ्याच्या नखानं आत दुमडली आणि थेट अस्तरासकट धावदोरा घातला. तिच्या शेजारी दुसरी, पहिलीवर करंगळीभर चढवून, कौलावर कौल चढवावं तशी. कोपरा आला की वळायचं, पुन्हा सरळ. कडेकडेनं, आत आत.

तिची बसायची तऱ्हा बघण्यासारखी होती. डावा गुडघा उभा, उजवा पाय पसरलेला, पायाच्या अंगठ्यात अस्तराचं टोक घट्ट धरलेलं, त्यामुळं कापड ढोलकीसारखं ताणलेलं. सुई केसांतून एकदा फिरायची, चार टाके एकदम गोळा करायची, आणि मग हात लांब जाऊन दोरा सर्रकन यायचा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. पहिला तेवढा, शंभरावा तेवढा, हजारावा तेवढाच. ती कापडाकडं फारसं बघतही नव्हती. म्हैस सुटली का, कोंबडी कुणाच्या परसात गेली, हे सगळं तिला दिसत होतं. मोठी वडी आली की ती जरा जास्त चढवी, लहान आली की कमी. साडेचार आणि पावणेपाच यांचं भांडण तिच्या नखाखाली मिटत होतं. वैष्णवी सुया ओवून देता देता रडायचं विसरली.

"आत्या, कार्डावर फिकट-गडद, फिकट-गडद असं हाय."

"असू दे. पण कुशी आन् रंगी शेजारी नकोत."

"का?"

"दोघींची बोलचाल न्हाय बांधावरनं. लेकराखाली भांडत बसतील." तिनं दोघींच्या मध्ये बदकं घातली.

दुसऱ्या दिवशी सांज व्हायच्या आत सगळ्या बाजूंनी शिवण मधोमध आली. एक वडी उरली होती आणि बरोबर एका वडीची जागा उरली होती. मल्हारची वडी. गोजरबाईनं ती बसवली, दोरा दातानं तोडला आणि पाठ सरळ करताना तिच्या तोंडून पहिल्यांदा "आई गं" निघालं. बिरदेव गरम पाणी घेऊन आला.

बारामतीत ज्या हॉलमध्ये नमुने तपासायचे होते तिथल्या खुर्च्यांना चाकं होती. गोजरबाई एकदा बसली, दोन हात मागं गेली आणि मग भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. तपासणारी मुलगी श्रेया, पंचविशीची, गळ्यात टेप, हातात फॉर्म.

काटेवाडीचा नमुना इस्त्री करून आणला होता. रेघांवर रेघा, कोपऱ्याला कोपरा. पणदऱ्याच्या बायकांनी कडेला लेससुद्धा लावली होती. दोन्ही चकचकीत, हलवाईच्या ताटासारखे. मग वैष्णवीनं आपलं फडकं सोडलं. रंग उतरलेले, लालाची छाया आठ घरांत पसरलेली.

श्रेयानं टेप लावला. फुली. पुन्हा लावला. फुली. खाली वाकून तिसऱ्यांदा लावला. फुली.

स्वरूपाताई पुढं झुकल्या. "वैष्णवी, घरातली जुनी गोधडी आणलीस व्हय गं? चुकून आणली असंल तर सांग, बाई थांबतील."

हॉलभर हसू झालं. वैष्णवीनं फरशीकडं पाहिलं. अकरा खुरपी तिच्या डोळ्यांसमोर एका रांगेत उभी राहिली.

"आता वॉश टेस्ट," श्रेया म्हणाली.

"म्हंजी?" स्वरूपाताईंनी विचारलं.

"मशीनमध्ये धुऊन बघायचं."

"धुवायचं? आवो, नवंकोरं हाय! इस्त्री केलीय!"

"बाळाची गोधडी आहे ना, ताई. बाळ इस्त्री बघत नाही."

तिन्ही नमुने काचेच्या दाराच्या तीन मशीनमध्ये गेले. पाऊण तास सगळ्या बायका मशीनसमोर बसल्या. गोजरबाई काचेला नाक लावून होती. "ही कुशी गेली," ती वैष्णवीला सांगत होती. "ह्यो ऋतिक. बघ बघ, आमचं म्हातारं आलं. मल्हाऱ्या गरगरला वाटतं."

दारं उघडली. काटेवाडीचा नमुना बाहेर आला तो तळलेल्या पापडासारखा. प्रत्येक तुकडा आपापल्या मर्जीनं आटला होता, शिवणी ओढल्या होत्या, नागमोडी कडा उसवून दोन ठिकाणी कापूस बाहेर डोकावत होता. लाल रंगानं पांढरं अस्तर गुलाबी केलं होतं. पणदऱ्याची लेस गोधडीपेक्षा मोठी झाली होती.

वस्तीची वाकळ जशी गेली तशी आली. श्रेयानं टेप लावला, जुना आकडा पाहिला, नवा पाहिला, टेप उलटा करून पुन्हा लावला. फॉर्मवर पुढचा रकाना 'धुतल्यानंतर पडलेला फरक' असा होता. तिथं तिनं शून्य लिहिलं. खाली पुन्हा शून्य. मग तिनं हातानं टाके चाचपले आणि उजेडाकडं धरले.

"हे टाके कुठल्या मशीनवर घातले?"

"ती काय, भिंतीला बसलीय," वैष्णवी म्हणाली.

श्रेया गोजरबाईपुढं फरशीवरच बसली. "आजी, कापडावर आधी काय प्रक्रिया केली? फॉर्ममध्ये लिहावं लागतं."

वैष्णवीनं सगळं सांगितलं. श्रेयानं दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. "नुसतं धुऊन नाही का चालणार?"

"धुवायच्या आदी मळावं लागतं, बाई."

"ते मशीननं करता येईल?"

"मशीनला घाम येतो का?"

श्रेयानं थोडा विचार केला आणि 'नाही' असं लिहिलं.

आठवड्यानं टेम्पोभर खोकी आली. पहिल्या तीस गोधड्यांचं काम, वस्तीच्या नावानं. सोबत कागद, त्यात एकच अट, 'प्रक्रियेत बदल करू नये.' वैष्णवीनं कागद तीनदा मोठ्यानं वाचला. अकरा बायकांनी लिंबाखाली पोती अंथरली, गोजरबाई मधोमध बसली आणि आधी सगळ्यांना तांदळाएवढा टाका शिकवायला लागली. ज्यांचा टाका गव्हाएवढा पडे त्यांना ती उसवायला लावी. रंगूबाईनं अकरा वेळा उसवलं आणि एकदाही उलट बोलली नाही. वस्तीवर हे प्रथमच घडत होतं.

अडचण एकच होती. तीस गोधड्यांना बाराशे साठ वड्या, आणि वस्तीवर माणसं एक्केचाळीस. त्यातल्या तेरा जणी आता सावलीत. सावलीत वडी जुनी होत नाही. पाणी आल्यापासून गोजरबाईच्या स्वतःच्या भुईमुगात तण गुडघ्याला लागलं होतं आणि खुरपायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी आली. स्वरूपाताई उतरल्या. डोक्याला स्कार्फ, हातात मोजे, मागून चालत आलेल्या काटेवाडीच्या नऊ बायका.

"गोजराकाकू," त्या म्हणाल्या, "गटाचं काम म्हंजी सगळ्यांचं काम. आमच्याबी बायकांना शिवायला द्या."

"देते की. वड्या वापरल्यात का?"

"न्हाय अजून."

"मग आदी वापरा. शिवायचं मागनं." गोजरबाईनं सुई अस्तरात खोवून ठेवली आणि पिनांचं पाकीट काढलं. "वळा."

नऊ बायका वळल्या. स्वरूपाताई तशाच उभ्या होत्या. त्यांनी वैष्णवीकडं पाहिलं. वैष्णवी सुई ओवत होती, आणि त्या क्षणी सुईचं भोक तिला फारच बारीक दिसत होतं.

"मीबी?" ताई म्हणाल्या.

"तुमच्या मर्जीवर हाय," गोजरबाई म्हणाली. "पर ज्यानं वडी घामवली न्हाय, त्याला सुई देत न्हाय मी. कापडाला कळतंय."

स्वरूपाताईंनी मोजे काढले. स्कूटीच्या हँडलला स्कार्फ बांधला. मग त्या वळल्या, आणि गोजरबाईनं त्यांच्या पाठीवर सशांची वडी लावली. बिरदेवनं माळ्यावरून खुरपी काढून आणली आणि ताईंना त्यातल्या त्यात धारेचं दिलं.

दहा वाजता ऊन चढलं. लिंबाखाली अकरा सुया चालत होत्या. समोर भुईमुगात दहा पाठी एका रांगेत वाकल्या होत्या. स्वरूपाताईंची पात मागं पडत होती, दर चार हातांवर त्या कमरेवर हात देऊन उठत, वस्तीकडं बघत आणि पुन्हा बसत. मात्र पात त्यांनी सोडली नाही. बांधाला पोचल्या तेव्हा त्यांचे केस कपाळाला चिकटले होते, बोटाला फोड आला होता, आणि त्या लिंबाकडं बघून कष्टानं हसल्या.

गोजरबाई उठली. गुडघ्यावर हात देत बांधापर्यंत गेली, ताईंच्या मागं उभी राहिली आणि सशांवर तळहात टेकवला. डोळे मिटून, जराशी मान तिरकी करून, तापलेल्या माणसाचं कपाळ बघावं तसं तिनं बराच वेळ बघितलं.

"कोरडं हाय, ताई," ती म्हणाली. "आणखी एक पात धरा."